सत्ताविसाव्या घराचं वाक्य

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. इंटरनेटवर ते कळायला तीन आठवडे लागले.

चंद्रपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी तेव्हा लिपिक होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ग्रंथालयाला एक कॉम्प्युटर मिळाला होता, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं, आणि ते कव्हर काढायची हिंमत माझ्याशिवाय कुणातच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत पोळी-भाजी खाता खाता मला तो मराठी ज्ञानकोश सापडला. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारावं, असा त्याचा कारभार. दुसऱ्याचं चुकलेलं सुधारायचं, आणि तेही त्याचं पडलेलं तोंड न बघता! मला झालेला आनंद मी लपवणार नाही. नवऱ्याचं चुकलेलं सुधारताना तोंड बघावं लागतं.

वर्षभरात मला तिथं पानं हटवायचे अधिकार मिळाले. अधिकार मिळाल्यावर मी ते वापरले. नाव न नोंदवता कुणी लिहिलं तर तिथं नावाच्या जागी एक लांबलचक आकडा दिसायचा, मध्ये टिंबं असलेला. असे आकडे रोज यायचे. कुणी आपल्या मामाचा वाढदिवस लिहायचा, कुणी वडसा गावाच्या पानावर येत्या हिवाळ्यातल्या झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात टाकायचा, "लावण्यांसह, तंबूत बसायची उत्तम सोय". मी एका हातानं लोणचं खात दुसऱ्या हातानं ते उडवायची. आकडा पुन्हा यायचा नाही. मला वाटायचं, चला, स्वच्छता झाली.

मग एका ज्येष्ठ संपादकांचा निरोप आला. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण ते कोशातले जुने आणि शांत गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं, "आपण आल्यापासून शुद्धता वाढली आणि माणसं घटली. यापुढे नवख्यांचं स्वागत आपणच करावं. उन्हाळा लागेपर्यंत एक, फक्त एक नवखा टिकवून दाखवा. नाही जमलं तर हटवण्याचे अधिकार काढून घेऊ."

मला राग आला. संध्याकाळी भाकरी थापतानाही तो निवळला नव्हता. मग लक्षात आलं की राग येण्याचं कारण वेगळंच आहे: त्यांचं म्हणणं खरं होतं. वर्षभरात मी कितीतरी माणसांना हाकललं होतं आणि आत बोलावलं एकालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वागताचा निरोप तयार केला. "नमस्कार! आपलं स्वागत आहे. हा कोश कुणा एकाचा नाही, सगळ्यांनी मिळून लिहायचा आहे. आपल्या गावातल्या प्रत्येकाने एक वाक्य लिहिले तरी मोठे काम होईल. लिहिलेल्याला संदर्भ द्यावा. निरोपाखाली सही करावी." अर्जाच्या शेवटी आपण 'आपली विश्वासू' लिहितो, तितक्याच विचारानं मी हे लिहिलं होतं. दिसेल त्या आकड्याच्या पानावर नेऊन चिकटवत सुटले.

पोळ्याच्या सुमारास एक आकडा आला. त्याच्या शेवटी त्रेसष्ट होतं, म्हणून मी त्याला त्रेसष्टच म्हणू लागले. चामोर्शी तालुक्यातल्या एका गावाच्या तलावाचं पान त्यानं सुरू केलं. पानावर एकच वाक्य: "आमच्या गावाला जुना मोठा तलाव आहे." मी लगोलग स्वागत केलं आणि वाट बघत बसले.

पुढच्या आठवड्यात त्याच वारी त्रेसष्ट परत आला! माझ्या हातून घास खाली पडला. त्यानं लिहिलं होतं, "तलावात मरळ मासा भरपूर आहे." त्याच्या पुढच्या आठवड्यात, पुन्हा त्याच वारी: "वरचं वाक्य खरं नाही. मरळ पूर्वी होती." मला वाटलं, माणूस प्रामाणिक आहे, चूक कबूल करतो. चौथ्या आठवड्यात: "ज्यांना जाळं टाकता येत नाही त्यांना मरळ दिसत नाही."

इथून पुढे मला त्रेसष्टचं काही कळेना. एका आठवड्यात तलावाचं पाणी गोड असायचं, पुढच्या आठवड्यात "हे पाणी पिऊ नये, म्हशी बसतात". मग "म्हशी कुणाच्या ते गावाला माहीत आहे". एकदा त्यानं झिंग्यांची चटणी कशी करायची ते लिहिलं. एकदा लिहिलं, "जाळ्याला हात लावला त्याला वाटा, ही आमची रीत." त्याला संदर्भ नव्हता, म्हणून मी ते हटवलं. चटणी ठेवली, कारण मी ती करून बघितली होती.

त्याच्याशी संवाद साधायचा मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. मी लिहिलं, "कृपया निरोपाखाली सही करत जा." उत्तर आलं, "साहेब, सही येत नाही. अंगठा चालेल का? कॅफेवाले म्हणतात काचेवर लावायचा नाही." पुढच्या आठवड्यात त्याच आकड्यावरून, "साहेब, मला सही येते, बारावी झालो आहे." मी लिहिलं, "संदर्भ द्या." उत्तर: "संदर्भ: माझी सासू." मी दात आवळून समजावलं की संदर्भ विश्वसनीय असावा लागतो. पुढच्या आठवड्यात त्रेसष्टनं लिहिलं, "मागच्या खेपेची सासू विश्वसनीय नाही. ती माझी जाऊ लागते, मला माहीत आहे."

नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा. मी मात्र हसत नव्हते. एक तर माणसाचं डोकं फिरलं होतं, नाहीतर तो मला खेळवत होता. पण तो टिकला होता. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि दर आठवड्याला तो येतच होता. ज्येष्ठ संपादकांनीही लिहिलं, "आपला नवखा टिकलेला दिसतो. छान." शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

आणि मग मी माती खाल्ली.

होळीच्या आधीचे दिवस होते. चंद्रपूरचं ऊन आधीच डोक्यावर चढलेलं, कॉलेजात पुस्तकांची मोजणी चाललेली, पाच पुस्तकं सापडत नव्हती आणि ती मीच घरी नेली असावीत असा प्राचार्यांचा सूर होता. अशा दुपारी मी पान उघडलं. त्रेसष्टनं लिहिलं होतं, "वरची सगळी वाक्यं धरू नयेत. लिहिणाऱ्यांना तलावातलं काही कळत नाही."

सहा महिने मी ज्या वाक्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं, ती याच माणसानं लिहिली होती! उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी गत. मी त्याच्या पानावर लिहिलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? की माझी थट्टा चालवली आहे? दोन्ही प्रकारच्या माणसांना इथे जागा नाही. पुन्हा येऊ नका."

तो पुन्हा आला नाही. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्या वारी मी डबा न उघडता स्क्रीनकडे बघत बसले. तिसऱ्या आठवड्यात त्रेसष्टकडून निरोप आला.

"साहेब, ज्या घराची पाळी होती ती बाई आली होती. तुमचा निरोप ऐकून परत गेली. आता तिच्याशिवाय पुढचं घर येत नाही. तलाव तुम्हीच लिहा. चुकलं माकलं माफ करा."

मी ते चार वेळा वाचलं. पाळी. घर. पुढचं घर. मग वर जाऊन माझाच स्वागताचा निरोप वाचला, आणि 'गावातल्या प्रत्येकाने एक वाक्य' या शब्दांवर आले तेव्हा खुर्ची मागे सारून उभी राहिले. अधिकार गेले चुलीत, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. वाचत बसलेल्या दोन मुली दचकल्या.

मी किरकोळ रजा टाकली आणि त्या वाराला मूलमार्गे एस.टी.नं चामोर्शीला गेले. उतरले तर आठवडी बाजार भरलेला. तेव्हा कळलं त्रेसष्टचा वार तोच का ते. सुक्या मासळीच्या आणि बांबूच्या टोपल्यांच्या रांगांमागे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सायबर कॅफे अशी एकच पाटी होती. आत पन्नाशीचे एक गृहस्थ कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळत होते.

मी म्हटलं, "भाऊ, त्या तलावाच्या पानासाठी आले. ज्ञानकोशातून."

ते उदबत्तीसकट उभे राहिले. माझ्या मागे दाराकडे बघून म्हणाले, "या या. अन् साहेब कुठी आहेत?"

"मीच साहेब."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाप्पा! आमाले वाटलं, मिशावाले असतीन."

ते त्याच गावचे होते. तलावाचं पहिलं वाक्य त्यांनीच गंमत म्हणून लिहिलं होतं. त्यावर माझा निरोप आला, तो त्यांनी छापून गावात नेला आणि तलावाच्या बांधावर सगळ्यांना वाचून दाखवला. "साहेबानं सांगतलं, हरेकानं एक वाक्य लिहाचं. मंग बैठक झाली. जाळं ओढाची जशी घरपरत पाळी असते, तशी लावली. ज्याची पाळी तो बाजाराले आला का इथी येते, तो सांगते, मी टाइप करतो. आधी तुमचा निरोप वाचून दाखवाचा, मंग लिहाचं, असा नेम." त्यांनी भिंतीवरची यादी दाखवली. सव्वीस घरांपुढे बरोबरची खूण होती. सत्ताविसाव्या घरापुढे काही नव्हतं.

"थे म्हातारी एकटीच राह्यते. सहा महिन्यांपासून वाक्य पाठ करून राह्यली होती. कोणालेच नाई सांगतलं. त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली. मी नेमानं तुमचा निरोप वाचला." त्यांनी उदबत्ती खोचून ठेवली. "मलेच समजाले पाह्यजे होतं. पण वाचाले सुरुवात केली का अर्ध्यात थांबता येत नाई ना, बाई."

मला रडू आलं, आणि ते मी तिथं, झेरॉक्सच्या मशीनला टेकून, रडून घेतलं. राग जसा मला लवकर येतो तसं रडूही येतं. भाऊंनी मशीनवरचा फडका पुढे केला. तो शाईचा निघाला.

मी विचारलं, तिला सोडून पुढच्या घराला येता येणार नाही का? भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटातलं उचलायला सांगितलंय. "ज्याची पाळी त्यानंच ओढाचं. तो येईपर्यंत जाळं तिथीच."

चारला लाइन, म्हणजे वीज, जायची होती. मी काळीपिवळी जीप पकडून गाव गाठलं, तोंडाला शाई तशीच. तलाव उन्हानं निम्मा झाला होता. सकाळी जाळं ओढून झालं होतं आणि बांधावर पळसाच्या पानांवर वाटे घालणं चाललं होतं. मी म्हातारीचं घर विचारलं, तर बांधावर बसलेल्या एका बारीकशा बाईकडे सगळ्यांनी बोट दाखवलं. तिच्यापुढे दोन वाटे होते.

मी जाऊन समोर बसले. म्हटलं, "आजी, तो निरोप मी लिहिला होता. तो तुमच्यासाठी नव्हता. म्हणजे कुणासाठीच नको होता. माझं चुकलं."

तिनं माझं तोंड निरखलं. "तूच का साहेब? मंग पाह्यून घे. आहे का माह्यं डोकं ठिकाणावर?"

आजूबाजूची सगळी हसली. मी म्हटलं, "माझंच नव्हतं."

"थे तर दिसतेच आहे. तोंडाले काळं काऊन लावून आली व?"

हसण्याचा दुसरा लोंढा आला. आता मीही त्यात होते. मग मी म्हटलं, "तुमचं वाक्य लिहायला चला. मी स्वतः टाइप करते. एक अक्षर बदलणार नाही."

"आता नाई आठवत."

ती खोटं बोलत होती, हे बांधावरच्या सगळ्यांना आणि मलाही कळलं. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल. बसल्या बसल्या माझी नजर तिच्यापुढच्या दोन वाट्यांवर गेली. बाकी सगळ्यांना एकेक होता. न राहवून मी विचारलं, "तुम्हाला दोन का?"

म्हातारीनं पान दुमडलं, सुतळी बांधली, आणि उठून जीपकडे चालू लागली. "चाल. लाइन जाईन."

साडेतीनला आम्ही कॅफेत होतो. ती स्टुलावर बसली, मी कीबोर्डसमोर, भाऊ मागे उभे. मी निरोप वाचून दाखवला नाही. तिनं पदर सावरला, घसा साफ केला, आणि पाठ केलेल्या पुस्तकी मराठीत, एकेका शब्दावर थांबत सांगितलं.

"माझे मालक तलावात बुडून वारले त्याला बारा वर्षं झाली, पण गावाने त्यांचा वाटा एकदाही चुकवला नाही."

मी ते अक्षर न बदलता टाइप केलं. भाऊ खोकत बाहेर गेले आणि परत आले. मी बटण दाबलं. वाक्य पानावर चढलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून वाकून बघत होती.

"कोणतं आहे माह्यं?"

मी बोट ठेवलं. ती त्या ओळीकडे बघत राहिली.

आणि बघता बघता ती ओळ गेली: पान पुन्हा उघडलं, तर जागेवर नव्हती. वर पट्टी आली: तुमच्यासाठी नवा निरोप आहे. गडबडीत मी स्वतःचं नाव न नोंदवताच लिहिलं होतं. कोशाच्या दृष्टीनं मी त्रेसष्ट होते. निरोप ज्येष्ठ संपादकांचा होता. नेमाप्रमाणे भाऊंनी तो मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि त्यांना अर्ध्यात थांबता येत नव्हतं. "नमस्कार. आपण लिहिलेला मजकूर वैयक्तिक असून त्याला संदर्भ नाही. म्हणून तो काढला आहे. कृपया प्रयोग करू नयेत."

 आपल्याला हाकललं की कसं वाटतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी कीबोर्डवर तुटून पडणार, तोच म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"कोण आहे व थो?"

"आमचे मोठे साहेब."

"त्याले लिही," ती म्हणाली. "म्हणा, एकदा ये इथी. जाळ्याले हात लाव. तुह्याही वाटा काढून ठेवतो."

मी जसंच्या तसं लिहिलं. खाली सही मागितल्यावर तिनं अंगठा पुढे केला, आणि मी काही म्हणायच्या आत काचेवर टेकवला. भाऊंनी काच पुसली नाही. मग लाइन गेली.

जीपमध्ये चढताना तिनं दोन पुड्यांपैकी एक माझ्या पिशवीत टाकली. मी नको नको म्हटलं. "मी कुठं जाळ्याला हात लावला?"

"मनगट धरावं लागलं मले तुह्यं. थे पानही जाळंच. एवढा हात लावला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कव्हर काढून पाहिलं, तर वाक्य पानावर परत आलं होतं. ज्येष्ठ संपादकांनी स्वतःच ठेवलं होतं. नियम तो नियम, म्हणून त्याच्यापुढे बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली होती. मला त्यांनी एवढंच विचारलं की चामोर्शीला जायला कुठली गाडी सोयीची पडते.

पाटीचं काय करायचं, ते मला सुचेना. कुठल्या पुस्तकात हे सापडणार होतं? पुढच्या बाजाराला अठ्ठाविसावं घर येणार होतं. सहा महिन्यांत त्या गावातल्या एकाही घराचं दुसऱ्या घराशी मरळीवर, पाण्यावर, म्हशींवर, सासूवर, कशाकशावर पटलेलं नव्हतं. मी जीव मुठीत धरून बसले.

अठ्ठाविसाव्या घरानं आपलं एकुलतं एक वाक्य लिहिलं: "वरचं वाक्य खरं आहे."

त्याच्या पुढच्या बाजाराला एकोणतिसावं घर आलं. "खरं आहे. आम्ही वाटा घालतो."

तिसावं घर त्या म्हशीवाल्यांचं होतं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार. त्यांनीही लिहिलं, "खरं आहे."